जाळरेषेच्या कामाला पहिल्यांदाच जाताय? आधी दुपारचा वारा बघा

डिसेंबर अर्धा सरला की ठाण्यातल्या येऊरच्या उतारांवरचं गवत पिवळं पडतं, पारसिकच्या टेकडीचा हिरवा रंग उडतो आणि खारघरच्या डोंगरावर चालताना पायमोज्यांत कुसळं घुसायला लागतात. पावसाळ्यापुरता डोंगर चढणारे याच सुमाराला घरी बसतात. वन खात्याची धावपळ मात्र तेव्हाच सुरू होते. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात आणि त्याच्या आत जाळरेषा काढून झालेल्या असाव्या लागतात.

जाळरेषा म्हणजे जंगलातला असा पट्टा, जिथलं गवत आणि पालापाचोळा आपण आपल्या सोयीच्या वेळी कापून, झाडून, जाळून टाकलेला असतो. पुढे मार्च-एप्रिलमध्ये वणवा तिथवर आला तर त्याला खायला काही मिळत नाही. मी काही वर्षं या कामाला स्वयंसेवक म्हणून जातोय. दरवर्षी नवी पोरं येतात आणि बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं, आग लावायची. प्रत्यक्षात आठवडाभर विळा, कुदळ आणि दाताळं चालतं, आणि आग लागते ती एखाद्या सकाळी, तास-दोन तास. काडी ओढण्याआधीचं हे काम कसं करतात, त्यासाठी हा लेख.

काडी कोणाच्या हातात

पहिली गोष्ट सरळ सांगतो: जंगलात काडी तुम्ही ओढायची नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात आग लावणं गुन्हा आहे. राखीव जंगलाला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ लागू होतं. हेतू चांगला होता, हा बचाव चालत नाही. जाळरेषा जाळतो तो वनरक्षक आणि त्याचे वनमजूर, वनपालाच्या किंवा वनक्षेत्रपालाच्या देखरेखीखाली. स्वयंसेवकाने कापायचं, झाडायचं, पहारा द्यायचा आणि शेवटी निखारे विझवायचे.

म्हणून सुरुवात कार्यालयातून करा, नोव्हेंबरमध्येच. आपली टेकडी कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारा. येऊरला उद्यानाची माणसं, पारसिकला ठाण्याचा वन विभाग. खारघर नवी मुंबईत गणलं जात असलं तरी जिल्हा रायगड, त्यामुळे वन खात्याची चौकशी पनवेलला करावी लागते, आणि पायथ्याची काही जमीन सिडकोची. लेखी अर्ज द्या, किती माणसं, कोणत्या दिवशी, हे कळवा. एकदा आमच्या गटातल्या एका उत्साही माणसाने फक्त फोनवर 'हो' ऐकून पंधरा जण जमवले होते. त्या दिवशी बीटचा, म्हणजे त्या हद्दीचा, वनरक्षक दुसऱ्याच कामाला गेलेला. सगळे गेटवरून चहा पिऊन परत आले. तो चहा आम्हाला अजून ऐकवला जातो.

घोडबंदर रोडला किंवा मानपाड्याला ज्यांच्या सोसायटीची मागची भिंत थेट जंगलाला लागते, त्यांनी तर आगीचा विचारही करू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आणि दंड ५,००० रुपये ठेवला. मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. झाडलोटीचा पाला जाळून त्यात अडकू नका. भिंतीच्या आतल्या बाजूचं दहा मीटरपर्यंतचं सुकं गवत कापा, गोळा करा, खताच्या खड्ड्यात टाका. भिंतीपलीकडे कापायचं असेल तर पुन्हा वनरक्षकालाच विचारायचं.

आधी चालून या

रेषा कागदावर आखू नका. डोंगर आधी पायाखालून घाला, आणि शक्यतो पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. येऊरच्या पाटोणापाड्यात किंवा जांभूळपाड्यात असे बाबा भेटतात, ज्यांनी आयुष्यभर राब भाजलाय. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, काटक्या, पाला, गवत आणि वरून बारीक माती असे थर देऊन जाळतात तो. वाफ्याभोवतालचं गवत खरडल्याशिवाय आणि वारा बघितल्याशिवाय तो कोणी पेटवत नाही. शहरातून शिकून आलेले आपण ज्याला फायर लाइन म्हणतो, ती त्यांच्या घरात उन्हाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी निघते.

चालताना मुख्य शोध घ्यायचा तो न जळणाऱ्या गोष्टींचा. डांबरी रस्ता, पाणी असलेला ओढा, उघडा कातळ, खाणीची मोकळी जागा, रुळलेली पायवाट. रेषा अशाच ठिकाणी सुरू झाली पाहिजे आणि अशाच ठिकाणी संपली पाहिजे. गवतात मध्येच सुरू झालेल्या रेषेला आग टोकाकडून वळसा घालते, आणि मग ती तुमच्या पाठीमागे असते. कागदावर सुंदर दिसणाऱ्या कित्येक रेषा याच एका कारणाने फुकट गेलेल्या असतात.

दुसरी गोष्ट उताराची. आग वर चढते तेव्हा धग पुढच्या गवताला आधीच सुकवते. साधारण आडाखा असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणून रेषा उताराच्या मध्यावर आडवी काढू नये. ती डोंगराच्या धारेवर किंवा धारेच्या जरा पलीकडच्या अंगाला काढावी, जिथे चढून आलेली आग दमते. आडवी काढावीच लागली तर तिच्या खालच्या काठाला हातभर रुंदीचा चर खणा आणि माती खालच्या बाजूला बांधासारखी रचा. जळती ओंडकी आणि पेटलेल्या शेणी गडगडत येतात, त्या चरात अडकतात. शेणीचं हसू येईल, पण सुकलेली शेणी आतल्या आत तासन्‌तास धुमसते आणि उतारावर चाकासारखी पळते.

घळींपासून लांब राहा. दोन्ही बाजूंनी भिंती असलेली अरुंद नाळ धुराड्याचं काम करते, खालची आग क्षणात वर ओढून घेते. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि २० हून जास्त जणांचा जीव गेला. सुकं गवत आणि चढ एकत्र आले की पळायला वेळ मिळत नाही.

वर बघायलाही विसरू नका. पारसिक आणि खारघरच्या बाजूला उच्च दाबाच्या वीजवाहिन्या डोंगरावरून जातात. दाट धूर आणि धग तारांखाली गेली तर वीज हवेतून जमिनीकडे उडी मारू शकते. तारांखालचा पट्टा फक्त कापायचा.

या फेरीत मोबाइलवर वाटेची नोंद घ्या, वठलेली झाडं, मधमाश्यांची पोळी, बिळं, जुनी विहीर, सगळं टिपा. वठलेलं झाड रेषेजवळ असेल तर ते तोडायला धावू नका. त्यात पिंगळ्याचं नाहीतर सुतारपक्ष्याचं घर असतं, आणि तोडायचा हक्कही आपला नाही. त्याच्या बुंध्याभोवती दोन मीटर जमीन उघडी करा, तेवढं पुरतं. ते केलं नाही तर झाड मशालीसारखं पेटतं आणि उंचावरून ठिणग्या रेषेपलीकडे टाकतं.

रेषा काढणं

कामाच्या जागेप्रमाणे १२, ६ किंवा ३ मीटर रुंदीचे पट्टे घेतात. जंगलाच्या बाहेरच्या हद्दीला आणि वर्दळीच्या रस्त्यालगत रुंद, आतल्या विभागांना अरुंद. रुंदी वन खातं सांगेल. नवख्याला कळायला हवी ती पट्टा बनवायची रीत.

सगळा पट्टा खरडायचा नसतो. १२ मीटरच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना आधी मीटर-दीड मीटरच्या वाटा काढायच्या, अगदी मातीपर्यंत. गवत विळ्याने जमिनीलगत कापा, मुळांचा गुंता कुदळीने सोडवा, पाला दाताळ्याने ओढा. काम झाल्यावर वाट उघडी, तांबडी दिसली पाहिजे. तळहाताएवढा पाल्याचा पूलही शिल्लक राहिला तर ठिणगी त्यावरून पलीकडे चालत जाते. आता पाला ओढायला वन खात्याकडे पाठीवरचे ब्लोअरही असतात. एक ब्लोअर दहा माणसांचं काम उरकतो, पण कानाचे पडदे सांभाळा, आणि लॅन्टानाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळीत तो काही कामाचा नाही. ती कोयत्यानेच काढावी लागते.

वाट किती रुंद? माझा हिशेब असा: काठावरचं गवत जेवढं उंच, त्याच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट. कमरेएवढ्या गवताला एक मीटरची वाट म्हणजे थट्टा. तेवढं खणायला माणसं नसतील तर उलटं करा, काठाजवळचं गवतच दोन-तीन मीटरपर्यंत आखूड कापा. ज्वाळा बुटकी झाली की अरुंद वाटही पुरते.

कापलेलं गवत कुठे टाकायचं, यावर दरवर्षी वाद होतो. बाहेरच्या बाजूला टाकलं तर उद्या तेच पेटणार. आतल्या बाजूला काठालगत ढीग लावला तर ज्वाळा उंच जाऊन वाट ओलांडणार. ते पट्ट्याच्या मध्यावर न्यायचं आणि पातळ पसरायचं. ढीग नाही. पसरलेलं गवत आठ-दहा दिवसांत वाळतं, एकसारखं जळतं आणि लवकर विझतं.

कारवी फुलून मेलेल्या वर्षी हाच हिशेब बदलतो. सात-आठ वर्षांनी एकदम फुलल्यावर कारवीची झुडपं एकदमच सुकतात आणि माणसाच्या उंचीच्या काठ्या उभ्या राहतात. अशा भागातून रेषा नेऊ नका, वळसा घाला. लांबी वाढेल, वाढू दे.

दुपारचा वारा

ठाण्यात जाळरेषेचं गणित वाऱ्यावर अडतं आणि आपला वारा दिवसातून एकदा पलटी मारतो. थंडीत सकाळी तो पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे येतो. जमीन तापली की दुपारच्या सुमाराला पश्चिमेचा, वायव्येचा खारा वारा शिरतो. मुंबईच्या किनाऱ्यावर आधी, मग डोंगर ओलांडून ठाण्यात. काही दिवस पूर्वेचा वारा जोर धरून बसतो आणि खारा वारा उशिरा येतो. त्या दिवशी पारा चढतो आणि हवा कोरडी पडते.

याचा अर्थ असा की सकाळी तुमची पश्चिमेकडची वाट धोक्याची असते आणि दुपारी तीच आग पूर्वेकडच्या वाटेवर चाल करून येते. मी पहिल्या वर्षी ज्या गटात होतो, तिथे आम्ही पश्चिमेची वाट आरशासारखी केली आणि पूर्वेची 'चालेल' म्हणून सोडली. सकाळी सगळं छान जळलं. दीडच्या सुमाराला मागे राहिलेल्या एका बुंध्याच्या ठिणग्या पूर्वेला उडाल्या आणि खोलीएवढं गवत पेटलं. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं, माणसांना काही झालं नाही, पण वनपालसाहेबांचा चेहरा मला आठवतो. बरोबरचे पाड्यावरचे काका एवढंच म्हणाले, "सकाळी वारा पाहुणा असतो रे, घरचा वारा दुपारी येतो." तेव्हापासून मी दोन्ही वाटा दुपारच्या वाऱ्यासाठी काढतो.

दिवस ठरवताना हवामान खात्याचा अंदाज बघा, पण जागेवरची खूण जास्त कामाची. पानांची सळसळ ऐकू येते, चेहऱ्याला वारा जाणवतो, एवढा वारा बरा. लहान फांद्या सतत हलत असतील, काठीला बांधलेला फडक्याचा तुकडा ताणून उभा राहत असेल तर घरी जा. अगदी वाराच नसणंही वाईट, कारण आग कुठे वळेल सांगता येत नाही आणि धूर जागेवर बसतो. हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली तर त्या दिवशी जाळणं नको. सकाळी दव असतं, गवत धुपतं पण जळत नाही. ते उडेपर्यंत थांबायचं आणि खारा वारा येण्याआधी आटोपायचं. मधला वेळ तीन-चार तासांचा. त्यात मावेल एवढीच लांबी हातात घ्या.

धुराचंही बघा. थंडीच्या सकाळी गार हवेचा थर खाली बसलेला असतो, धूर वर न जाता घोडबंदर रोडवर नाहीतर वस्तीत उतरतो. आदल्या दिवशी पाड्यात, शेजारच्या सोसायट्यांत सांगा, अग्निशमन दलालाही कळवा. नाहीतर लोक धूर बघून १०१ फिरवतात, बंब येतो आणि खऱ्या आगीला तो हाताशी नसतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीचे इशारे पाठवतं, तुमची जाळरेषाही तिथे ठिपका म्हणून उमटू शकते. कार्यालयाला वेळ माहीत असली की गोंधळ होत नाही.

त्या सकाळी

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे ट्रेकिंगचा महागडा टी-शर्ट घरी ठेवा. चामड्याचे बूट, डोक्याला टोपी, नाकातोंडाला ओलसर सुती पंचा. प्रत्येकी तीन लिटर पाणी, ते प्यायचं, विझवायचं वेगळं. विझवायला पाठीवरचे फवारणी पंप, फावडी, दाताळी, आणि ताज्या हिरव्या डहाळ्यांच्या जुड्या. करवंद चालत नाही, काटे लागतात.

काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना तीन गोष्टी तोंडाने म्हणायला लावतो. पळायचं कुठून? थांबायचं कुठे? हाक कोणाची ऐकायची? थांबायची जागा म्हणजे आधीच जळून गार झालेली किंवा मुळातच उघडी जमीन. उंच गवतातून वर पळणं हा रस्ता नाही. एक माणूस उंचावर फक्त बघायला ठेवा, त्याच्या हातात शिट्टी, बाकी काही नको. हा पहारेकरी कंटाळतो आणि हळूच खाली मदतीला येतो. त्याला परत पाठवा.

वनरक्षक आधी एका कोपऱ्यात चटईएवढी आग लावून बघतो. ज्वाळा किती उंच, धूर कुठे वाकतो, आग विझवता येते का. मन भरलं नाही तर तो काम रद्द करतो आणि तेव्हा कुरकुर करायची नाही.

जाळायची सुरुवात उताराच्या वरच्या टोकाला, वारा जिकडे जातो त्या बाजूच्या काठापासून होते. आग वाऱ्याविरुद्ध आणि उताराच्या खाली सरकते, गुडघ्याएवढी, संथ, कंटाळवाणी. कंटाळवाणी आग ही चांगली आग. काठाला काळा पट्टा तयार झाला की मगच पुढची लांबी पेटवतात. टेंभा घेऊन चालणारा कधीही बाकीच्यांच्या पुढे पळत नाही, विझवणाऱ्यांच्या वेगाने चालतो. तुम्ही वाटेवर एकमेकांपासून पाच-सात मीटरवर उभे राहायचं, तोंड आगीकडे ठेवायचं, पण दर मिनिटाला मागे वळून न जळलेल्या गवताकडे बघायचं. ठिणगी मागेच पडते. सगळे ज्वाळांचे फोटो काढत असतात, म्हणून हे दोनदा लिहितो: मागे बघा.

साप, सरडे, ससे बाहेर पळतात, वाटेत आडवे येतात. त्यांना जाऊ द्या. फुरसं दिसलं तर बाजूला व्हा. टिटवी एकाच जागेवर घिरट्या घालून ओरडत असेल तर अंडी जवळपास आहेत, तेवढा तुकडा सोडायला सांगा.

विझवणं आणि पुढचे महिने

ज्वाळा गेल्या म्हणजे काम संपलं असं वाटून अर्धी मंडळी डबे उघडतात. डबे खा, पण पाळीने. काठापासून आतल्या पाच मीटरमधली प्रत्येक धुरकी शोधायची. ओंडके फिरवायचे, शेणी फोडायच्या, राखेत पाणी आणि माती कालवायची. पाणी नुसतं ओतलं तर वरचा थर ओला होतो आणि खालचा निखारा तसाच राहतो. हाताची मागची बाजू राखेजवळ न्या, चिकटवू नका. ऊब लागली तर पुन्हा कालवा. वठलेल्या झाडाची मुळं जमिनीखालून जळत जातात आणि दुसऱ्या दिवशी चार हातांवर धूर निघतो. म्हणून रात्री कोणीतरी थांबतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, खाऱ्या वाऱ्याच्या वेळी, आणखी एक फेरी होते. त्या फेरीला नेहमी दोनच माणसं येतात. तुम्ही तिसरे व्हा, वनरक्षक तुमचं नाव लक्षात ठेवेल.

कुठे आटोक्याबाहेर काही गेलं किंवा पुढे हंगामात डोंगरावर धूर दिसला तर वन खात्याचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१ फिरवा. एकट्याने वर चढू नका.

जानेवारीत काढलेली जाळरेषा मार्चपर्यंत तशीच राहत नाही. ऐनाचं झाड तेव्हा पानं गाळतं, साग अजून गाळत असतो, आणि तांबड्या वाटेवर पुन्हा पाल्याचं पांघरूण पडतं. पंधरा दिवसांनी एकदा दाताळं घेऊन फेरी मारा, होळीच्या आठवड्यात दोनदा. मोबाइलवरची जुनी नोंद उघडा, जिथे पायवाट जाळरेषेला कापते तिथून सुरुवात करा. सिगारेटचं थोटूक तिथेच पडतं.